सावेडीच्या रंगमंचावर पवळेचा वाटा कुठे आहे?

नगर शहराला स्वतःचे सुसज्ज नाट्यगृह हवे, ही मागणी जुनी आहे. सावेडीतल्या महापालिकेच्या नाट्यसंकुलाचे काम किती वर्षे रखडले, हे नगरकरांना सांगायला नको. निधीच्या बातम्या झाल्या, पाहणीचे फोटो झाले, मुदती झाल्या. दरम्यान पोरे मोठी झाली, स्पर्धेत काम करणारे हौशी कलावंत संसाराला लागले. राज्य नाट्य स्पर्धा असो की एकांकिकांचा महाकरंडक, शहर आजवर माऊली सभागृहावर भागवत आले. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण शहराच्या रंगमंचाचा प्रश्न आहे तिथेच राहिला.

म्हणून आधी स्पष्ट करतो, नाट्यगृहाला माझा विरोध नाही. ते झालेच पाहिजे आणि लवकर झाले पाहिजे. माझा प्रश्न वेगळा आहे. या नाट्यगृहाची चर्चा होते तेव्हा खुर्च्या किती, वातानुकूलन कसे, पार्किंग कुठे, एवढेच बोलले जाते. रंगमंचावर कोण उभे राहणार, हे कुणी विचारत नाही. जणू ते ठरलेलेच आहे.

हा प्रश्न विचारला की दोन बाजूंनी उत्तरे येतात. मला दोन्हींशी भांडायचे आहे.

पहिले उत्तर सभ्य लोकांचे. ते म्हणतात, "कलेला जात नसते. तुम्ही इथेही जात आणता."

कलेला जात नसते, तर मग पवळा कोण होती, ते सांगा. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची ही महार मुलगी. तमाशाच्या फडावर तिच्या नावाने गर्दी व्हायची. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण. दोघांची जोडी महाराष्ट्रभर गाजली. आज बापूराव शाहीर म्हणून, कवी म्हणून अभ्यासले जातात. पवळा मात्र बापूरावांच्या गोष्टीतले एक पात्र होऊन राहिली, तीही बहुतेक वेळा तिच्या रूपापुरती. एकाच फडावर उभ्या राहिलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या वाट्याला प्रतिभा आली आणि दुसरीच्या वाट्याला देह. ही वाटणी कलेने केली नाही, जातीने केली. आपल्या जिल्ह्यातल्या किती कॉलेजांत पवळेचे नाव घेतले जाते? मी समाजशास्त्रात एम.ए. केले, माझ्या वर्गात एकदाही ऐकले नाही.

हे आता जगाने ऐकले आहे. डॉ. शैलजा पाईक यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले, पोहेगाव. तमाशा, जात आणि दलित स्त्री यांवरचे त्यांचे 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे पुस्तक 2022 मध्ये आले आणि 2024 मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आमच्या जिल्ह्याची लेक अमेरिकेतल्या विद्यापीठात बसून सांगते की 'अश्लील' हा शिक्का कलेवर नसतो, तो जातीवर मारलेला असतो. आणि आम्ही इथे सभागृहाच्या पडद्याचा रंग कोणता असावा, यावर बैठका घेतो.

दुसरे उत्तर आपल्याच लोकांचे आहे, म्हणून ते जास्त टोचते. कार्यकर्ते म्हणतात, "वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, सोनई आणि खर्डा याच जिल्ह्यात घडले. आणि तू नाट्यगृहावर लिहितोस? ते सावेडीवाल्यांचे चोचले आहेत."

पाणी, शिष्यवृत्ती, अत्याचार यांवर मी रोज काम करतो. तरीही सांगतो, हे उत्तर आंबेडकरी नाही. आपली चळवळ सभेइतकीच जलशाने गावागावांत पोहोचवली. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार 1930 च्या दशकात पायपीट करत फिरले म्हणून अक्षर न वाचणाऱ्या माणसालाही चवदार तळे आणि काळाराम मंदिर कळले. 1939 च्या डिसेंबरात वतनदारीच्या जाचाविरुद्ध याच जिल्ह्यात हरेगावला परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. त्या काळात वतनाची गुलामी समजावून सांगायला वर्तमानपत्र पुरे पडत नव्हते, त्यासाठी ढोलकी आणि डफ लागत होते. पुढे बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा तिथे फक्त वर्ग भरले नाहीत. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी बाबासाहेबांच्याच सूचनेवरून 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते विद्यार्थ्यांनी केले. आपल्या पोरांना रंगमंच हवा, हे बाबासाहेबांना कळत होते. आपल्याला का कळू नये?

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. तो नकार शोषणाला होता, यात शंका नाही. पण त्या नकाराचा सोयीचा अर्थ काढून आपणही पुढे तमाशातल्या बाईकडे पाठ फिरवली. जामखेडच्या कला केंद्रांत आजही बाया नाचतात, गातात. त्या आपल्या मोर्चात नसतात आणि नाट्य परिषदेच्या व्यासपीठावरही नसतात. सवर्णांनी त्यांना करमणूक मानले, आपण त्यांना लाज मानले. नवे नाट्यगृह उभे राहताना ही चूक दुरुस्त करायची संधी आपल्यालाही आहे.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या पोरापोरींनी जलसा बसवला. दोघी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, एक रिक्षा चालवणारा, एक कॅटरिंगला जाणारा. एप्रिल महिना होता, म्हणून शहरातल्या एका सभागृहात चौकशीला गेलो. खिडकीवरच्या माणसाने विचारले, "कार्यक्रम कशाचा?" मी म्हटले, जलशाचा. "म्हणजे जयंतीचा?" मग त्याने रजिस्टर मिटले. तुमची गर्दी फार होते, खुर्च्या मोडतात, डिपॉझिट दुप्पट लागेल, शिवाय वरून परवानगी आणा. लेखी द्या म्हटले, तर दिले नाही. शेवटी विहारासमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जलसा झाला. सावित्रीबाईंची भूमिका करणारी पोर ट्रॉलीच्या कडेवरून पडता पडता वाचली. ज्या नगरला येऊन सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, त्याच नगरमध्ये सावित्रीबाई उभी करायला आम्हाला चार फळ्यांचा रंगमंच मिळाला नाही.

संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत. जातीवरून तिथे कुणाला अडवता येत नाही. आज तिकीट काढून खुर्चीवर बसायला आपल्याला कुणी अडवत नाही, हे खरे. पण नाट्यगृहात दोन दारे असतात. एक प्रेक्षकांचे आणि एक कलावंतांचे. दुसऱ्या दारावर पाटी नसते. तिथे भाडे असते, डिपॉझिट असते, ओळख असते. बोर्द्यू नावाच्या समाजशास्त्रज्ञाने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले. आमच्या आईच्या भाषेत सांगायचे तर, "त्यांच्यात आपलं कोण हाय?"

म्हणून मागण्या मोघम नकोत, मोजता येतील अशा हव्यात.

एक. भाड्याचे दर दर्शनी भागात लावा. जलसा, तमाशा, वासुदेव, पोतराज, भारुड करणारे गट आणि वस्तीतली व कॉलेजची पथके यांच्यासाठी दर महिन्याला ठरावीक दिवस राखून ठेवा आणि त्या दिवशी फक्त विजेचा खर्च घ्या. तारीख नाकारली तर कारण लेखी द्या.

दोन. तालमीच्या खोल्या बांधा आणि त्या रात्री दहापर्यंत उघड्या ठेवा. नाटक तालमीत तयार होते. दहा बाय बाराच्या घरात सहा माणसे झोपत असतील, तर पोरगी संवाद कुठे म्हणणार?

तीन. व्यवस्थापन समितीत जलसाकार, तमाशातली कलावंत स्त्री आणि सफाई कामगारांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे. उद्घाटनाच्या फोटोपुरता नव्हे, दर ठरवण्याच्या बैठकीत.

चार. झाडणारे, दिवे ओढणारे, पहारा देणारे यांना ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका. किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी द्या. रंगमंच झाडणारा आपला आणि त्यावर मिरवणारा त्यांचा, ही जुनीच गावकी नव्या इमारतीत नको.

पाच. जुन्या शाहिरांची बाडे, वह्या आणि आवाज जपण्यासाठी एक खोली द्या. सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिना 5000 रुपये मानधन देते, पण त्यासाठी कलावंत असल्याचे पुरावे लागतात. ज्याने आयुष्यभर पारावर आणि विहारासमोर गायले, त्याच्याकडे प्रमाणपत्र कुठून येणार? या खोलीतल्या नोंदी हाच त्याचा पुरावा होईल.

आणि सहा. संकुलातल्या एका रंगमंचाला पवळेचे नाव द्या. नुसते नाव देऊन पोट भरत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ही मागणी शेवटी ठेवली. पण वरच्या पाच मान्य झाल्या आणि ही राहिली, तर मी समजेन की आपल्याला जागा मिळाली, मान मिळाला नाही.

नाट्यगृह लोकांच्या कराच्या पैशातून उभे राहते. भीमनगरची बाई काडेपेटी घेते तेव्हाही कर भरते. त्या पैशात तिचा वाटा आहे, तर रंगमंचावरही आहे. उद्घाटनाची तारीख ठरण्याआधी हा वाटा कागदावर आला पाहिजे. तुमच्या मंडळाच्या, संघटनेच्या, कॉलेजच्या लेटरहेडवर या सहा मागण्या लिहा आणि महापालिकेच्या आवक विभागात देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम!