आधी पाणी, मग कॉफीचे यंत्र

मीरा रोड आणि भाईंदरमधल्या नव्या स्वयंपाकघरांत मिक्सर, ओव्हन आणि आरओच्या शेजारी आता आणखी एक वस्तू ओट्यावर जागा मागते आहे. वरून कॉफीच्या बिया टाकायच्या आणि बटण दाबायचे. दळणे, पाणी तापवणे, दूध फेसाळणे हे सगळे यंत्र स्वतः करते आणि एक-दोन मिनिटांत कप भरतो. किंमत ढोबळमानाने ५० हजार रुपयांपासून सुरू होते आणि लाखाच्या बरीच पुढे जाते. एवढा खर्च करताना गिऱ्हाईक विचारते ते दाबाचे ‘बार’ किती, पेये किती प्रकारची, पडदा टचचा आहे का. आमच्या मते पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावा: आपल्या टाकीत टँकर किती पडतो?

पाण्याचे दुखणे या शहराला नवे नाही. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महापालिका झालेल्या मीरा-भाईंदरची वस्ती वाढत गेली, आणि स्टेम प्राधिकरण व एमआयडीसीकडून येणारे पाणी तिच्यामागे धावत राहिले. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या योजनेत शहरासाठी रोज २१८ दशलक्ष लिटरची तरतूद आहे. तरीही अनेक सोसायट्यांच्या खर्चात टँकरचे खाते दिसते. नदीचे पाणी सहसा हलके असते. टँकर बोअरवेलवर भरलेला असेल तर पाणी जड येते. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच या यंत्राच्या आतल्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तिथे तो हाताने खरवडता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानला आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. माणसाला चालणारे पाणी यंत्राला मानवेलच असे नाही.

मग आरओचेच पाणी घालू, असे कुणीही म्हणेल. त्यालाही मर्यादा आहे. कॉफीचा अर्क नीट उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने पूर्वीपासून सांगितलेला पल्ला लिटरला ७५ ते २५० मिलिग्रॅम विरघळलेल्या घटकांचा आहे. फार गाळलेल्या पाण्याची कॉफी पचपचीत लागते. शिवाय काही यंत्रांचे सेन्सर पाण्यातून वाहणाऱ्या विजेवर पातळी ओळखतात. क्षारच नसतील तर भरलेली टाकी त्यांना रिकामी वाटते. व्यवहारी उपाय असा की आरओचे आणि नळाचे पाणी मिसळावे, यंत्रासोबत बहुधा येणारी चाचणीची पट्टी त्यात बुडवावी आणि जो आकडा निघेल तो यंत्रात भरावा. क्षार काढण्याची आठवण यंत्र त्याच आकड्यावरून देते. आकडा चुकीचा तर आठवणही चुकीच्या वेळी.

‘बार’चा गाजावाजा मात्र सोडून द्यावा. मिलानच्या अकिले गाजियाने १९३८ मध्ये पेटंट घेतले आणि महायुद्धानंतर दट्ट्याचे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून एस्प्रेसोला जास्त दाब लागतो हे ठाऊक आहे. पण तो लागतो सुमारे ९ बार. खोक्यावर छापलेले १५ किंवा १९ हे पंपाचे कमाल बळ आहे. त्यावरून चव ठरत नाही.

चव ठरते ती घरात काय पितात त्यावरून. मराठी घरातली कॉफी म्हणजे पुष्कळदा पातेल्यात उकळलेले दूध, साखर, जायफळ आणि चमचाभर झटपट पावडर. ती कढत लागते. यंत्र दूध साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत नेते, कारण त्याहून तापले की फेस बिघडतो. त्यामुळे साठ हजारांच्या यंत्रातली पहिली कॉफी आजीला ‘कोमट’ वाटली, तर तो यंत्राचा दोष नाही आणि आजीचाही नाही. कप आधी गरम पाण्याने तापवून घेतला तर थोडा फरक पडतो. पण उकळलेल्या दुधाचीच सवय असेल, तर स्वयंचलित यंत्रावर पैसे घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फिल्टर कॉफीवाल्यांची गोष्ट वेगळी. मीरा रोडच्या उडुपी हॉटेलांनी जी चव लावली, ती बऱ्याचदा चिकोरी मिसळलेल्या पुडीची असते. कायद्याने अशा मिश्रणात निम्म्याहून अधिक, किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. उरलेली चिकोरी चालते. ही पूड स्वयंचलित यंत्रात घालू नये, ओली झाली की ती चिकटते आणि आतला अर्काचा भाग तुंबवते. तेलकट, काळ्या भाजणीच्या बियाही दळणीला जड जातात. मध्यम भाजणीच्या, कोरड्या दिसणाऱ्या बिया घ्याव्यात. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भाईंदरमध्ये राहून ज्यांना फिल्टर कॉफीच हवी आहे, त्यांचे काम काहीशे रुपयांच्या स्टीलच्या फिल्टरने होते.

खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या या शहराचा पावसाळाही हिशेबात धरावा. बिया डब्यात लागतील तेवढ्याच भराव्यात. मलबार किनाऱ्यावर कच्च्या बियांना मुद्दाम पावसाळी हवा देऊन ‘मॉन्सून्ड’ कॉफी करतात, ती चव जगात नावाजली आहे; भाजलेल्या बिया सादळल्या तर हाती काही लागत नाही. चोथ्याच्या डब्यात दोन-चार दिवसांत बुरशी धरते. म्हणून अर्काचा भाग बाहेर काढून नळाखाली धुता येतो का, हे पाहावे. काही महागड्या कंपन्या तो आतच ठेवतात आणि गोळ्यांनी साफ करायला सांगतात. आमचा कल बाहेर निघणाऱ्या भागाकडे आहे. दुधाच्या भांड्याला नळी जितकी कमी, तितके बरे. ओट्यावरची जागाही मोजावी: वर झाकण उघडायला मोकळीक हवी आणि बाजूने उघडणारे दार भिंतीला टेकता कामा नये. अशी बरीच यंत्रे १,४५० ते १,५०० वॉटची असतात. ६ अँपिअरचा साधा सॉकेट २३० व्होल्टला १,३८० वॉटच पेलतो. म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट लागेल.

पैशांचा हिशेब सोपा आहे. ६० हजारांचे यंत्र पाच वर्षे चालले आणि रोज तीन कप झाले, तर यंत्रापोटी कपामागे ११ रुपये पडतात. रोज एकच कप होत असेल तर ३३. बिया, दूध आणि क्षार काढायचे औषध वेगळे. पहाटेची भाईंदर लोकल धरणारा एक, दहाला निघणारी दुसरी आणि रात्री अभ्यासाला बसणारा तिसरा अशा घरात यंत्राचे पैसे वसूल होतात. रविवारच्या हौसेसाठी ते फार महाग आहे.

अमेरिकेतल्या भावाने ‘येताना आणतो’ म्हटले तर नम्रपणे नको म्हणावे. तिकडचे यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या सॉकेटला थेट जोडले तर जळेल, आणि एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवणे हास्यास्पद आहे. वॉरंटीही बहुधा त्या देशापुरतीच असते. इथल्या दुकानातून घेतानाही एक गोष्ट लेखी घ्यावी. ‘मुंबईत घरपोच सेवा’ या शब्दांतली मुंबई बऱ्याचदा दहिसर चेकनाक्याशी संपते. आपले पिन कोड ४०० ने नव्हे, ४०१ ने सुरू होतात. तो पूर्ण सहा आकडी क्रमांक सांगून, कारागीर घरी येणार की दहा किलोच्या आसपासचे यंत्र आपणच उचलून न्यायचे, हे पैसे भरण्याआधी विचारावे.