परसदारचा एक वाफा

‘हिरव्या भाज्या भरपूर खा,’ हे वाक्य चाळीस वर्षांहून अधिक काळच्या व्यवसायात मी किती रुग्णांना ऐकवले असेल, याची गणती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला, दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्यांचा आकडाही मी तत्परतेने सांगत असे. परंतु ती भाजी पिकविण्याशी माझा स्वतःचा संबंध सुटला होता, हे आज प्रांजळपणे कबूल करावेसे वाटते.

१९७४ ते १९७८ या काळात उच्च शिक्षणासाठी मी इंग्लंडच्या उत्तर भागात होतो. शेजारी कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. धुळीने त्यांची फुफ्फुसे जर्जर झाली होती. चार पावलांवर त्यांना दम लागे. तरीही ते रोज सकाळी नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर हजर असत. मागणी असल्यास रहिवाशांना अशी जमीन देण्याची जबाबदारी तेथे १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली आहे. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत याच तुकड्यांनी अनेक घरांची चूल सांभाळली.

त्या थंड मुलुखात मे महिन्यातही रात्री हिम पडून रोपे करपण्याची धास्ती असे. म्हणून टोमॅटोची रोपे ते घरात खिडकीशी वाढवीत आणि जूनच्या तोंडाशी बाहेर लावीत. यंदा वाटाणा, पुढील वर्षी त्या जागी कोबी, त्यानंतर गाजर, असा फेरपालट ते कसोशीने पाळत. वाटाण्याच्या मुळांवरील गाठींतले नत्र कोबीच्या कामी येते, हे मी पुस्तकात वाचले होते. पाहिले मात्र तेथे. एकदा मी त्यांना विश्रांतीचा सल्ला दिला. ते म्हणाले, ‘‘मग मटार कोण तोडणार, डॉक्टर?’’

मी बेळगावला परतलो. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचे, सौम्य हवेचे आपले गाव. येथली भाजी घाट उतरून गोव्याच्या बाजारात जाते. तरीही १९८९ साली दवाखाना वाढविताना मी घरामागील परस फरशीखाली गाडला. रुग्णांच्या वाहनांना जागा हवी होती, हे कारण खरेच होते. आईचे अळू, दोडक्याचा मांडव, पावट्याचा वेल, सारे गेले. आई काही बोलली नाही. परंतु तांदळाचे धुवण घेऊन ती सवयीने मागील दारापर्यंत येई, क्षणभर थबके आणि परत फिरे. पुढे ती झपाट्याने थकली. परस गेल्यामुळेच ती थकली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र तिला रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या मुलानेच तिच्या हातचे काम काढून घेतले होते, एवढे निश्चित.

आज आपल्या संस्थेच्या अनेक ज्येष्ठ सभासदांची मुले परदेशी आहेत आणि घरामागील अंगणे फरशीने झाकलेली आहेत. निवृत्त रुग्णाला ‘रोज चाला’ असे सांगताना ‘एक वाफा करा’ हेही आपण सुचवावे, आणि आधी स्वतः करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळाले की पुरे. मेथी, पालक, मुळा महिना-दीड महिन्यात हाती येतात. कोबी, फ्लॉवर, वाटाणा पाऊस ओसरल्यावर लावावेत. धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी मात्र घरची पालेभाजी मुबलक झाली म्हणून आहारात एकदम वाढ करू नये, हे आपण जाणतोच.

दोन वर्षांपूर्वी मी दहा फरश्या उखडल्या. खाली चुन्याचा राडारोडा निघाला. पहिली मेथी पिवळी पडून गेली. शेणखत घालून माती सुधारली, तेव्हा दुसरी तरारली. पुढील स्नेहसंमेलनास प्रत्येक सभासदाने आपल्या वाफ्यातील एक जुडी आणावी, अशी नम्र सूचना करतो. माझी मेथी मी आणीनच.