मोडक्या हाडांची पेन्शन

नव्वदच्या दशकात वस्त्यांमध्ये केबल आली आणि तिच्याबरोबर अमेरिकेचे पैलवानही आले. शाळकरी पोरांच्या खिशात पत्त्यांचा कॅट असायचा. एकेका पत्त्यावर एकेक मल्ल आणि त्याची उंची, वजन, छाती, दंड. त्या आकड्यांवर खेळ चालायचा. १९९६ साली ‘खिलाडियों का खिलाडी’ या सिनेमात अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलून आपटले तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या. तो अंडरटेकर खरा नव्हता, ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल होता, हे आमच्यापैकी अनेकांना फार उशिरा कळले. घरातली म्हातारी माणसे मात्र हा सगळा प्रकार संशयानेच बघायची. माझी आजी एकदा म्हणाली होती, “खोटं असू दे रे, पण पडतोय तो खरा ना? मग दवाखान्यात कोण नेतं त्याला?”

त्या पत्त्यांवरचे मल्ल आज साठीच्या पुढे-मागे आहेत. जे जिवंत आहेत, त्यांच्यातले बरेच जण आता एक वेगळाच धंदा करतात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या लहान थिएटरांत आणि कॉमेडी क्लबांत एक स्टूल, एक माईक आणि पाण्याची बाटली घेऊन उभे राहायचे आणि जुन्या दिवसांचे किस्से सांगायचे. रिंगमध्ये कोण कसा पडला, बसमध्ये कोण कोणाशी भांडला, मालकाने पैसे कसे बुडवले. लोक पोट धरून हसतात. कार्यक्रम संपल्यावर जादा पैसे देऊन हात मिळवतात, फोटो काढून घेतात. दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावाला जाते. एखाद्या तमाशाच्या फडाला साजेल असाच हा मुक्कामा-मुक्कामाचा प्रवास आहे, फक्त फडात माणूस एकच.

या प्रकाराकडे गंमत म्हणून पाहून सोडून देता येईल. परंतु म्हातारपणी, मोडलेल्या गुडघ्यांनी, गावोगाव फिरून माणसाला आपल्या दुखण्याचा विनोद का करावा लागतो, हा प्रश्न विचारला की करमणुकीच्या मागची व्यवस्था दिसू लागते.

मिक फोली हा या मंडळींतला सर्वांत हुशार. १९९४ साली जर्मनीत म्युनिच येथे वेडर नावाच्या मल्लाशी लढताना दोरात मान अडकली आणि उजव्या कानाचा मोठा भाग तुटून पडला. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने त्याला सुमारे १६ फूट उंच लोखंडी पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकले. तो उठला, पुन्हा वर चढला, पुन्हा पिंजऱ्याचे छत तुटून खाली कोसळला. तुटलेला दात नाकात गेला. लोक टाळ्या वाजवत होते. पुढच्याच वर्षी, १९९९ साली, त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून काढलेले आत्मचरित्र न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ज्याला लोक ठोकळा समजत होते तो लेखक निघाला. २००९ च्या सुमारास तो विनोदी कार्यक्रम करू लागला, २०१२ साली एडिंबराच्या प्रसिद्ध कलामहोत्सवात उभा राहिला आणि २०१८ साली त्या पिंजऱ्यातल्या पडण्याला वीस वर्षे झाली म्हणून त्या एकाच रात्रीवर त्याने दौरा काढला. एकदा पडायचे आणि वीस वर्षे त्या पडण्याची गोष्ट सांगायची! फोली ते आनंदाने करतो, कोणाची दया मागत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण सगळेच फोली नसतात.

आधी हे समजून घ्यावे लागेल की या माणसांच्या तोंडाला कुलूप होते. आपल्याकडे निकाली कुस्ती आणि नुरा कुस्ती असा फरक गावातले शेंबडे पोरही करते. अमेरिकेच्या या धंद्यात सगळी कुस्ती नुराच, पण तसे बोलायची बंदी होती. खलनायक मल्लाने नायक मल्लाबरोबर उघडपणे एका गाडीतून जायचे नाही, बाहेर आपले पात्र सोडायचे नाही. धंद्याचे गुपित हा धर्म होता. आणि गंमत बघा, हे गुपित फोडले ते खुद्द मालकांनी! १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सेनेटसमोर डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने स्वतः कबूल केले की हा खेळ नसून करमणूक आहे. का? तर खेळ म्हटले की सरकारी नियमन येते, कर येतो. मल्लाने खरे बोलणे ही गद्दारी, मालकाने खरे बोलणे हा धंद्यातला शहाणपणा. सत्यावरही मालकी हक्क असतो तो असा.

शब्दांचा हाच खेळ कंपनीने मल्लांच्या पोटाशीही खेळला. कायद्याच्या कागदावर हे मल्ल कंपनीचे नोकर नाहीत, ‘स्वतंत्र ठेकेदार’ आहेत. कोणाशी लढायचे, हरायचे की जिंकायचे, कोणते कपडे घालायचे, काय बोलायचे, कोणत्या दिवशी कोणत्या शहरात हजर व्हायचे, हे सगळे कंपनी ठरवणार; अनेकदा पात्राचे नावही कंपनीच्या मालकीचे. तरी माणूस स्वतंत्र! रिंगमध्ये झालेल्या दुखापतीचा खर्च कंपनी करते, हे खरे. पण आरोग्य विमा ज्याचा त्याने पाहायचा, आणि निवृत्तीवेतनाचे नाव नाही. आपल्या वाचकांना ही युक्ती नवी वाटणार नाही. मुंबईत दत्तक वस्ती योजनेखाली कचरा उचलणाऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि त्यांच्या मजुरीला ‘मानधन’. कामगाराचे नाव बदलले की त्याचा हक्कही बदलतो, हे मिसिसिपीपासून मुलुंडपर्यंत मालकाला पक्के ठाऊक आहे.

मग या धट्ट्याकट्ट्या माणसांनी संघटना का केली नाही? करायला निघाले होते. १९८६ साली जेसी व्हेंचुराने दुसऱ्या रेसलमेनियाच्या तोंडावर सहकाऱ्यांना युनियनची हाक दिली. ती बातमी मालक विन्स मॅकमॅहनच्या कानावर लगेच गेली आणि प्रयत्न तिथेच चिरडला गेला. पुढे व्हेंचुराने रॉयल्टीसाठी कंपनीवर खटला भरला, आठ लाखांहून अधिक डॉलर जिंकले. त्या खटल्याच्या साक्षीतच मॅकमॅहनने शपथेवर सांगितले की खबर देणारा हल्क होगन होता, असे व्हेंचुरा अनेक वर्षे जाहीरपणे सांगत आला आहे. सगळ्यांत जास्त पैसे मिळवणारा मल्लच मालकाचा कान! होगन जुलै २०२५ मध्ये वारला. व्हेंचुरा १९९९ ते २००३ मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर होता. राज्य चालवता आले, पण मल्लांची युनियन उभी करता आली नाही.

न्यायालयातही फार काही हाती लागले नाही. २००८ साली रेवन या नावाने लढणाऱ्या स्कॉट लेव्हीने दोन सहकाऱ्यांसह दावा केला की आम्ही ठेकेदार नव्हे, नोकर आहोत. मुदत टळून गेली, या कारणावर तो निकाली निघाला. २०१६ साली पन्नासहून अधिक माजी मल्लांनी डोक्याला बसलेल्या माराबद्दल खटला भरला, तोही २०१८ साली फेटाळला गेला.

रॉडी पायपरची आठवण इथे टाळता येत नाही. रिंगमध्ये माईक घेऊन गप्पांचा कार्यक्रम करायची टूम १९८४ पासून त्यानेच लोकप्रिय केली. आजच्या सगळ्या बोलक्या मल्लांचा तो वस्ताद. २००३ साली एचबीओ वाहिनीच्या मुलाखतीत त्याला विचारले की हा जीवघेणा धंदा पुन्हा का धरलास? तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. त्याने सांगितले की त्याच्या पेन्शनचे पैसे ६५ व्या वर्षापर्यंत काढता येत नाहीत आणि आपण ६५ गाठणार नाही. त्या मुलाखतीनंतर कंपनीने त्याला काढून टाकले. २०१५ साली तो ६१ व्या वर्षी गेला. इतरांनी तर एवढीही मजल मारली नाही. योकोझुना ३४, एडी गरेरो ३८, डेव्ही बॉय स्मिथ ३९, रिक रूड ४०. आमच्या कॅटमधले पत्ते एकेक करून असे गळाले.

जेक रॉबर्ट्स वाचला तो अपघाताने. खांद्यावर अजगर टाकून येणारा हा मल्ल नशेत बुडालेला होता. १९९९ च्या एका माहितीपटात जगाने त्याची ती अवस्था पाहिली. २०१२ साली डायमंड डॅलस पेज या जुन्या सहकाऱ्याने त्याला अटलांटात स्वतःच्या घरी नेले आणि माणसात आणले. कंपनी २००७ पासून माजी मल्लांच्या व्यसनमुक्तीचा खर्च देऊ करते, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ही सोय आली ती ख्रिस बेनवाने बायको-मुलाला मारून आत्महत्या केली, जगभर छी-थू झाली, त्यानंतर. शुद्धीवर आलेला रॉबर्ट्स पुढे आपल्या बरबादीच्या गोष्टी सांगत गावोगाव फिरला. त्याच्याकडे विकायला दुसरे काय उरले होते?

आता मालकांनाही या बाजाराचा वास लागला आहे. अंडरटेकर, म्हणजे मार्क कॅलवे, तीस वर्षे पात्राबाहेर जवळजवळ बोललाच नाही. २०२० साली निवृत्त झाला आणि २०२२ पासून एकट्याने गप्पांचे कार्यक्रम करू लागला, पण ते कंपनीच्या मोठ्या कुस्त्यांच्या मुहूर्तावर आणि कंपनीच्याच छत्राखाली. आधी त्याचे मौन विकले, आता त्याचे बोलणे विकतात. जे किस्से मालकाच्या खात्यात जमा होतील, त्यांत मालकाविरुद्धचा किस्सा कितीसा असणार? पैशांची चणचण आहे म्हणावे, तर तसेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सबरोबर कंपनीचा दहा वर्षांचा, ५ अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर झाला.

आणि लोक हसतात ते कोणाला? आयर्न शेक हा इराणी मल्ल खऱ्या कुस्तीतला. १९७२ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा तो सहायक प्रशिक्षक होता. धंद्यात त्याला इराणद्वेषाचा बाहुला बनवले. जानेवारी १९८४ मध्ये होगनने त्याला हरवले तेव्हा अमेरिकेला जणू युद्ध जिंकल्यासारखे वाटले. म्हातारपणी तो शिव्या देणारा विदूषक म्हणून लोकांना हवा होता आणि त्याने तेही केले. २०२३ साली तो गेला.

परंतु मला या सगळ्यांत जास्त आठवतो तो कमाला. कपाळ-छातीवर रंग, कमरेला कातडे, पोटावर थापा मारत गुरगुरणारा ‘युगांडाचा राक्षस’. त्याला बोलता येत नाही, तो माणसे खातो, असे आम्हाला पडद्यावर सांगितले जात होते आणि आम्ही पोरे, जी स्वतः शाळेत कोणाच्या तरी नजरेत अर्धी माणसे होतो, ते खरे मानून हसत होतो. याची लाज आजही वाटते. त्याचे खरे नाव जेम्स हॅरिस. युगांडाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो मिसिसिपी राज्यातला काळा माणूस, ट्रक चालवणारा. १९८२ साली मेम्फिसमध्ये गोऱ्या मालकांनी त्याला हे सोंग दिले. गोऱ्या मल्लांना मिळते त्याच्या तुलनेत आपल्याला किरकोळ पैसे दिले गेले, ही त्याची तक्रार शेवटपर्यंत होती. मधुमेहाने २०११ साली एक पाय गेला, २०१२ साली दुसरा. हाताने लाकडी खुर्च्या बनवून त्या विकून तो दिवस काढत होता. २०१६ च्या खटल्यात त्याचेही नाव होते.

जे म्हणतात की कोणी जबरदस्ती केली नव्हती, पैसे मिळवले आणि उडवले, त्यांनी पैसे उडवणाऱ्यांची नावे जरूर घ्यावीत. अशी नावे आहेत. हॅरिसला उडवायला काय मिळाले होते? फोलीकडे शब्द होते, गोरा चेहरा होता, प्रकाशक होता. ज्याचे पात्रच मुके ठेवले होते, त्याचे किस्से ऐकायला थिएटर भाड्याने कोण घेणार? ऑगस्ट २०२० मध्ये करोनाने तो गेला. जाण्यापूर्वी त्याने आपले आत्मचरित्र मात्र पुरे केले होते. त्याचे नाव त्याने ठेवले, ‘कमाला स्पीक्स’. कमाला बोलतो.