नांदेडच्या रुग्णालयातील मृत्यूंची राजकीय जबाबदारी निश्चित करण्याबाबत निवेदन

दिनांक : ९ ऑक्टोबर २०२३

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, वर्धा

विषय : डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, नांदेड येथील मृत्यूंची जबाबदारी मंत्रिस्तरावर निश्चित करणेबाबत.

महोदय,

आम्ही पिपरी मेघे (ता. जि. वर्धा) येथील रहिवासी हे निवेदन सादर करीत आहोत.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत नांदेडच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवसभरात हा आकडा ३१ वर गेला. ऑगस्टमध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते. त्या इशाऱ्यानंतरही राज्य जागे झाले नाही.

आजवर कारवाई झाली ती कोणावर? आपल्याच पक्षाचे हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांनी नांदेडच्या रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. पुढे अधिष्ठात्यांवरच गुन्हा दाखल झाला. डॉक्टरांची चूक असेल तर ती चौकशीत ठरावी. मात्र औषधखरेदीची व्यवस्था, पदभरती आणि निधी यांचे निर्णय मंत्रालयात होतात. हाफकिन महामंडळाऐवजी औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचा कायदा याच वर्षी झाला, पण त्याला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसल्याचे उच्च न्यायालयापुढे उघड झाले. रुग्णांचा ताण सांगून शासनाला जबाबदारी झटकता येणार नाही, हेही न्यायालयाने सुनावले आहे.

आमच्यासारख्या मजूर, शेतकरी कुटुंबांना सरकारी दवाखान्याशिवाय आसरा नाही. आज नांदेडच्या आईवर जी वेळ आली, ती उद्या वर्ध्याच्या आईवर येऊ शकते. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. वैद्यकीय शिक्षण मंत्री हसन मुश्रीफ यांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात औषधसाठा, रिक्त पदे व खर्च न झालेला निधी यांचा लेखी हिशेब द्यावा. चौकशीत त्यांच्या खात्याची कसूर सिद्ध झाल्यास त्यांना मंत्रिमंडळातून दूर करावे.

२. निवृत्त न्यायमूर्तींमार्फत चौकशी करावी. तिच्या कक्षेत मंत्री कार्यालयातील फायलींचा प्रवासही यावा आणि अहवाल जनतेसमोर ठेवावा.

३. प्रत्येक मृताच्या कुटुंबाला मृत्यूचे कारण मराठीत, लेखी कळवावे व पुरेशी भरपाई द्यावी.

४. खरेदी प्राधिकरणावर पूर्णवेळ अधिकारी तातडीने नेमावा.

५. वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयासह प्रत्येक शासकीय रुग्णालयात औषधसाठा व रिक्त पदांचा फलक दर्शनी भागात लावावा.

६. खासदार हेमंत पाटील यांच्यावर पक्षाचे मुख्य नेते या नात्याने आपण कारवाई करावी.

श्रेय घ्यायला मंत्री पुढे येतात, तसे जाब द्यायलाही त्यांनीच पुढे आले पाहिजे. या निवेदनावर ३० दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास जिल्हाधिकारी कार्यालयासमोर शांततेने धरणे धरू.

आपले,
समस्त नागरिक, पिपरी मेघे

सोबत : नागरिकांच्या सह्या