वृत्तलेखकाचा धीर आणि वाचकाचें कर्तव्य

आपल्या ठाणें शहरांतून १८६६ सालीं ‘अरुणोदय’ नांवाचें साप्ताहिक निघूं लागलें. त्या काळच्या छापखान्यांत मजकूर हातानें लिहावयाचा, खिळे जुळवून किंवा शिळेवर उतरवून तो छापावयाचा, आणि मगच अंक वाचकाच्या हातीं पडावयाचा. हें काम कष्टाचें व विलंबाचें खरें. परंतु त्या विलंबांत एक गुण होता. बातमी व वाचक यांच्या मध्यें कांहीं काळ जात असे, आणि तेवढ्या अवधींत चूक सांपडण्यास अवसर मिळे.

आज ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील पुष्कळ वृत्तलेखक आंतरजालावर लिहितात. हातांतील मोबाइल हाच त्यांचा छापखाना. बातमीदार, छायाचित्रकार, संपादक व मुद्रितशोधक या चौघांचीं कामें अनेकदां एकट्यासच करावीं लागतात. शिवाय जाहिरातीचें उत्पन्न बहुधा बातमी किती जणांनीं पाहिली यावर ठरतें. त्यामुळें थांबून चौकशी करणारा मागें पडतो, व आधीं ओरड करणाऱ्याकडे गर्दी वळते.

त्वरा हा स्वतः दोष नव्हे. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरामुळें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली, आणि हजाराहून अधिक उतारूंची सुटका करावी लागली. अशा वेळीं घरीं वाट पाहणाऱ्या माणसांस बातमी तत्काळ हवी असते, व ती देणें हें पुण्यकर्मच होय. मात्र जें ठाऊक आहे तेवढेंच सांगावें, आणि जें अद्याप कळलेलें नाहीं तें कळलेलें नाहीं असें स्पष्ट म्हणावें. हा धीर आज फार महाग झाला आहे.

असत्य वार्तेचें मोल किती भयंकर असतें, हें १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें दिसलें. मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. तिच्या भरीं पडून जमावानें भिक्षेवर उपजीविका करणाऱ्या पांच निरपराध माणसांस ठार मारलें. अशा अफवा सामान्य माणसेंच एकमेकांस धाडीत असतात, हें आपण विसरतां कामा नये.

दुसरें संकट धाकाचें आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें—हें गांव तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें—मुंबईंतील बंदविषयीं फेसबुकवर मत लिहिणाऱ्या एका तरुणीस, व तें पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली. त्या वेळीं लावलेलें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. त्या दोघी कांहीं वृत्तलेखक नव्हत्या. परंतु चार ओळींसाठीं सामान्य मुलींवर असा प्रसंग येतो, तर गांवांतील बलवानांविषयीं नित्य लिहिणाऱ्याची स्थिति काय असेल? कलम गेलें, शिवीगाळ, धमकी व फिर्याद यांचें भय गेलेलें नाहीं. मोठ्या पत्राच्या पाठीशीं वकील असतो. एकट्या वृत्तलेखकाच्या पाठीशीं बहुधा त्याचे वाचकच.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, वृत्तलेखकानें सत्यासाठीं थोडें थांबावें ही अपेक्षा करणाऱ्या वाचकानेंही थोडें थांबावयास शिकलें पाहिजे. चूक झाल्यास वृत्तलेखकानें ती गुपचुप पुसून न टाकतां सांगून सुधारावी, आणि अशा प्रामाणिकपणाची वाचकानें थट्टा न करतां त्याचा आदर करावा. पालकांनीं चांगल्या स्थानिक पत्रास शक्य तर वर्गणी देऊन हातभार लावावा. विद्यार्थ्यांनीं आलेला मजकूर पुढें धाडण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे: हें कोणीं सांगितलें, तो तेथें होता काय, आणि हें खोटें ठरल्यास कोणास इजा पोंचेल?

जो मजकूर पुढें धाडतो तोही एका अर्थानें वृत्तलेखकच होय. त्या कामाची जबाबदारी त्यास टाळतां येणार नाहीं.