गिअर कोणी बदलावा?

नवी मोटार घ्यायची ठरली, की हल्ली घरात वाद निघतो: गिअर हाताने बदलायचे की स्वयंचलित? विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते याचे उत्तर शहरात एक आणि घाटात दुसरे आहे.

पेट्रोल इंजिन फार हळू फिरले तर बंद पडते, आणि उभ्या मोटारीची चाके तर मुळीच फिरत नसतात. हा मेळ क्लच व गिअर घालतात. पहिल्या गिअरमध्ये चाके हळू फिरतात, पण त्यांना जोर अधिक मिळतो. अमेरिकेत १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारींत हे काम यंत्राकडे सोपवण्याची सोय झाली. शहरातल्या गर्दीत क्लच दाबून पाय दुखतो. तिथे स्वयंचलित गिअर खुशाल घ्यावेत.

आता घाट पाहा. १००० किलोग्रॅमची मोटार ३०० मीटर खाली उतरली, तर सुमारे ३० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात ९ लिटर पाण्याला उकळी येईल! ही सारी उष्णता ब्रेकवर पडली, तर त्यांची पकड ढिली होते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच मोटारीला आवरते.

यंत्राला वेग कळतो, काही नव्या यंत्रांना उतारही कळतो. पण पुढचे वळण बहुधा चालकालाच दिसते. म्हणून स्वयंचलित मोटार घेणाऱ्यानेही खालचा गिअर कसा व केव्हा निवडावा, हे घाटात शिरण्यापूर्वी शिकून घेतलेच पाहिजे.