लाभांश हवा, पण कशासाठी?

‘अमुक कंपनीचा २०० टक्के लाभांश’ अशी बातमी वाचली की आपले डोळे चमकतात. शंभराचे दोनशे, तेही घरबसल्या! भिशीत, बचत गटात, पोस्टात पै पै साठवणाऱ्या बाईला असा आकडा खुणावणारच. ‘असे शेअर घेऊ का हो?’ असं मला हल्ली बऱ्याच जणी विचारतात. मी म्हणते, ‘जरूर घ्या, पण कशासाठी?’ इथे बहुतेक जणी गप्प होतात.

आधी त्या २०० टक्क्यांचा उलगडा करू. हा टक्का शेअरच्या दर्शनी किमतीवर मोजतात, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत २ रुपये असेल, तर २०० टक्के म्हणजे शेअरमागे ४ रुपये. तो शेअर तुम्ही ४०० रुपयांना घेतला असेल, तर तुमच्या पैशांवर मिळाला फक्त १ टक्का!

आता उद्दिष्टाकडे वळू. ‘चार पैसे जास्तीचे यावेत’ ही झाली इच्छा. उद्दिष्टात तीन गोष्टी लागतात : काम कोणतं, रक्कम किती आणि ती कधी हवी. समजा, लेकीच्या शिक्षणाला काही वर्षांनी दरसाल १२,००० रुपये लागणार आहेत. बाजारभावावर ३ टक्के लाभांश धरला, तर त्यासाठी ४ लाखांचे शेअर हवेत. २ टक्केच मिळाला, तर ६ लाखांचे. वहीत हा हिशेब मांडला की आपण कुठे उभ्या आहोत ते कळतं. फी येत्या जूनमध्येच भरायची असेल, तर ते पैसे मुदत ठेवीतच बरे. हाताशी सात-आठ वर्षं असतील, तर जमेल तसे थोडे थोडे शेअर घ्यावेत आणि आलेला लाभांश खर्च न करता पुन्हा गुंतवावा. लाभांश आत्ता खर्चायचा की पुढे वाढवायचा, हे आधीच ठरवा.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, लाभांश म्हणजे पगार नव्हे. तो दर वर्षी द्यायलाच हवा, असं कंपनीवर बंधन नसतं. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, रिझर्व्ह बँकेनेच बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून आणखी लाभांश देऊ नका असं सांगितलं होतं. म्हणून किराणा, औषधं असे न टळणारे खर्च लाभांशाच्या भरवशावर ठेवू नयेत. एकाच कंपनीत सगळे पैसेही घालू नयेत. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे करपात्र असाल तर त्यावर कर भरावा लागतो. हिशेबात तोही धरा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. डीमॅट खातं बाईच्या नावावर, सहीही तिची, पण मोबाइल नंबर घरातल्या पुरुषाचा, असं मी अनेक घरांत पाहते. लाभांश किती आला, कुठे गेला, तिला पत्ताच नसतो. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतलाच नाही, तर ती रक्कम आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. मागणी करून ते परत मिळवता येतात, पण त्यासाठी कागदपत्रांची धावपळ करावी लागते. तेव्हा खात्याला आपलाच नंबर आणि आपलंच बँक खातं जोडा. वारसाचं नावही नोंदवा.

घरात विचारणं, सल्ला घेणं चांगलंच. पण पैसा तुमचा असेल, तर तो कशासाठी हे तुम्हीच ठरवायला हवं. आज दुपारी जरा निवांत झालात की वही उघडा आणि लिहा : काम, रक्कम, वर्ष. शेअरचं नाव त्यानंतर.